वेतन घेणाराच वेतन ठरविणार काय?

वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश या तिन्ही जागी एकच गृहस्थ बसला, तर त्या निकालास न्याय कोण म्हणेल? आमदारांच्या वेतनाचा निकाल मात्र असाच लागतो. राज्यघटनेच्या १९५ व्या अनुच्छेदान्वये विधिमंडळाच्या सदस्यांचे वेतन विधिमंडळानेच कायदा करून ठरवावयाचे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ते ७५ हजारांवरून दीड लाखाच्या पुढे नेले, आणि तेही चर्चेवाचून!

आता भंडारा जिल्ह्यातील विडी वळणाऱ्या बाईकडे पाहा. तिची किमान मजुरी ठरविताना १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सरकारला बांधून घातले होते: एकतर समिती नेमा, नाहीतर प्रस्ताव जाहीर करून हरकतींसाठी किमान दोन महिने द्या. २०१९ च्या वेतन संहितेनेही तोच दंडक ठेवला आहे. मजुराच्या वेतनावर मालकाने हरकत घ्यावी. परंतु आमदाराच्या वेतनावर, ज्याच्या पैशातून ते जाते त्या मतदाराला दोन दिवसही मिळू नयेत, हा कोणता न्याय?

म्हणून आमदारांना तुटपुंजे वेतन द्यावे काय? मुळीच नाही. १९३७ साली मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या वेतनाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या कसोट्या पुढे ठेवल्या होत्या. वेतन अपुरे असेल तर विधानसभा मालगुजारांच्या वारसांसाठी आणि ठेकेदारांसाठीच उरेल. भूमिहीनाच्या लेकीने तेथे कशाच्या बळावर बसावे? अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आमदारांची वेतनवाढ मतदारच मंजूर वा नामंजूर करतात. १९९८ मध्ये त्यांनी वार्षिक २४ हजार डॉलर मंजूर केले. २०१४ मध्ये वाढ फेटाळली. सरसकट नकार हा गरिबाच्या प्रतिनिधीला दार लावणारा ठरतो.

त्याच देशाच्या राज्यघटनेत १९९२ मध्ये समाविष्ट झालेला नियम अधिक शहाणपणाचा आहे: संसद सदस्यांच्या वेतनातील बदल मध्ये निवडणूक झाल्याखेरीज अमलात येत नाही. वाढ करणाऱ्याला आधी मतदारासमोर उभे राहावे लागते. असा नियम करावयास आपल्याकडे घटनादुरुस्ती नको. विधिमंडळाचा साधा कायदा पुरेसा आहे.

भंडारा, तुमसर आणि साकोलीच्या मतदारांनो, मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून दोन वचने लेखी घ्या: वेतनाचे विधेयक चर्चेवाचून संमत होऊ देणार नाही, आणि वाढ पुढील विधानसभेपासूनच लागू करीन. जो वचन देण्यास कचरतो, त्याला मत देण्यास तुम्हीही कचरा. आपल्या सेवकाचे वेतन ठरविताना धन्याला विचारले पाहिजे, आणि लोकशाहीत धनी तुम्ही आहात!