पुराव्याअभावी

विकिपीडियावर एखाद्या लेखकाची नोंद असावी की नसावी, हे ठरवण्याची रीत साधी आहे. ज्याचा त्या लेखकाशी नात्याचा, पैशाचा वा स्नेहाचा संबंध नाही अशा कोणी, विश्वास ठेवावा अशा ठिकाणी, त्याच्याविषयी पुरेसे लिहिले आहे काय? असेल तर नोंद राहते. नसेल तर लेखाच्या माथ्यावर ‘पानकाढा’ साचा लागतो, थोडी चर्चा होते आणि पान जाते. लेखक चांगला की वाईट, हे तिथे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. तिथले संपादक बिनपगारी स्वयंसेवक आहेत. ते साक्षीदार मोजतात.

या नियमावर आपल्या साहित्यिक मंडळींचा फार राग. मला तो राग ढोंगी वाटतो. नियम नसता तर १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया एव्हाना पुढाऱ्यांच्या भाच्यांच्या चारोळ्यांनी भरून गेला असता. दोष शोधायचा तर एक पायरी खाली उतरावे लागेल. हे साक्षीदार आपल्या समाजात कोणाला मिळतात आणि कोणाला मिळू दिले जात नाहीत?

ताराबाई शिंदे यांचे उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येच्या खटल्यात झालेल्या शिक्षेचे. बाईंनी पुरुषांच्या दुटप्पी नीतीची अशी सालटी काढली की तशी मराठीत त्याआधी कोणी काढली नव्हती. समाजाने काय केले? आधी शिव्या दिल्या, मग मौन पाळले. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले, ‘सत्सार’ या आपल्या प्रकाशनाच्या १८८५ च्या अंकात. त्यानंतर थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष गेले. मधली नव्वद वर्षे कोरी.

आता कल्पना करा की १९०० साली ज्ञानकोशाचा हाच नियम असता. एकच पुस्तक. परीक्षणे जवळजवळ नाहीत. पाठीराखा एक, पण ताराबाईंचे वडील सत्यशोधक समाजाचे, म्हणजे फुल्यांची साक्ष घरची ठरली असती. नोंद वगळली गेली असती, आणि वगळणाऱ्याने नियमाबाहेर काहीही केले नसते. हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. अन्याय त्या वगळणाऱ्याच्या टेबलावर झालाच नसता. तो अठरा वर्षे आधी, पुस्तक मिटून बाजूला सारणाऱ्या सुशिक्षित हातांनी उरकला होता.

बहिणाबाई चौधरींचेही तसेच. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर एकही छापील पुस्तक नव्हते. मुलगा कवी होता, त्याने आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ज्या बाईचा मुलगा कवी नव्हता आणि त्याच्या ओळखीत अत्रे नव्हते, तिचे काय झाले असेल?

ही जुनी पापे म्हणून सोडून देता येत नाहीत. आजचा तालुक्याच्या गावचा लेखक पाहा. पदरमोड करून दोन पुस्तके काढतो आणि रविवारच्या पुरवण्यांना प्रती पाठवतो. फार तर एक दिवस ‘साभार पोच’मध्ये नाव, पृष्ठे आणि किंमत येते. संपली समीक्षा! ती साक्ष म्हणून चालत नाही, कारण पुस्तक उघडल्याचाच तिच्यात पुरावा नाही. प्रस्तावना मोठ्या नावाची असते, पण ती लेखकाने मागून घेतलेली. गौरवग्रंथ असतो, पण तो मित्रांनी लिहिलेला. पुरस्कार असतात, पण त्यांतल्या कित्येकांसाठी प्रवेशिकेबरोबर शुल्क भरावे लागते. बातमी आलेली असते, पण ती लेखकानेच पाठवलेल्या मजकुराची नक्कल. आपल्या वाङ्मयीन व्यवहारातली खोटी नाणी अशी एकेक करून विकिपीडियाच्या चर्चापानावर वाजवली जातात आणि बद्द निघतात.

बाईचे तर मरणही तिची साक्ष देत नाही. आपल्या निधनवार्ता वाचा: अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री, पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे. तिने लिहिलेल्या पुस्तकांना त्या चार ओळींत जागा नसते. माहेरच्या नावाने छापलेली कथा आणि सासरच्या नावाने निघालेला संग्रह एकाच व्यक्तीचे, हे सांगणारा कागद तिच्याबरोबर संपतो.

आणि जात? तिचे नाव घेतले की आपली तोंडे वाकडी होतात, म्हणून मुद्दाम घेतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. उन्हात उभे राहून माणसे पुस्तके विकत घेतात. वातानुकूलित सभागृहातल्या प्रकाशनाला टाळ्या वाजवून फुकट प्रत घेऊन जाणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. त्या पुस्तिका, जलशांची गाणी, चरित्रे लिहिणाऱ्यांना हजारो वाचक आहेत. परीक्षक नाहीत. नियम वाचक मोजत नाही, परीक्षणे मोजतो. आणि ती लिहिण्याची जागा ज्यांच्या हाती आहे ते त्या स्टॉलवर फिरकत नाहीत.

हा रोग आपलाच आहे असे नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील इंग्रजी लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून परत गेला, आणि २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले. तिकडे निदान गदारोळ झाला. इकडे कोणाला पत्ताही लागत नाही.

जे छापले गेले ते तरी आपण सांभाळतो का? १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवायची असते. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितले? गावच्या वाचनालयात निर्लेखनाच्या नावाखाली पहिली जातात ती स्थानिक लेखकांची पुस्तके, कारण त्यांना मागणी नसते. जिल्हा साप्ताहिकांच्या फाइली रद्दीत जातात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. त्यांनी कोणाला लहान म्हणून गाळले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीच्या अभिजात दर्जाची घोषणा झाली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांपैकी कितींनी ती सूची उघडली असेल?

मी स्पष्टच सांगतो: त्या लहान लेखकांपैकी बहुतेकांची नोंद होऊ नये. पुष्कळसे लेखन सुमारच असते. पण ते सुमार आहे हे कोणीतरी वाचून म्हटले पाहिजे. न वाचताच माणूस नाही असे ठरवायची सवय या समाजाला फार जुनी आहे, आणि ती नेहमी त्याच माणसांवर चालते.

तेव्हा ज्ञानकोशाच्या स्वयंसेवकांना शिव्या देणे थांबवा. तुमच्या कपाटात तुमच्याच गावच्या कोणाचे तरी सही करून दिलेले पुस्तक न उघडता पडले असेल. ते वाचा. लेखक नातलग असेल तर दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. त्यावर चारशे शब्द लिहा. वाईट असेल तर वाईट म्हणून लिहा. पुस्तकाचे साल, छापखाना आणि लेखिकेचे माहेरचे नावही घाला आणि छापायला पाठवा. संपादकाने छापले नाही तर पुन्हा पाठवा.