घास केवढा असावा?

मंडळी, आपल्याकडे धामण, नाग, अजगर घरात पाळता येत नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि ते बरंच आहे. पवईत सापाचं पिल्लू निघालं तर सर्पमित्राला बोलवावं. पण अमेरिकेतल्या आमच्या नातवाने रीतसर कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलंय. बिनविषारी. त्याचा सवाल, "आजोबा, मोठा उंदीर दिला तर लवकर वाढेल ना?"

माझं मत स्पष्ट आहे. जबडा बघून घास ठरवू नये. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग लवचीक बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे डोक्याहून मोठं भक्ष्यही तो गिळतो. पण गिळणं वेगळं, पचवणं वेगळं! अंगाचा सर्वांत जाड भाग पाहावा. उंदीर साधारण तेवढाच जाड हवा, फार तर दीडपट. अगदी लहान पिल्लाला केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू पुरतं, पाच-सात दिवसांतून एकदा. घास मोठा झाला की साप तो ओकतो. वारंवार असं झालं तर जिवावर बेततं. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातातही घेऊ नये.

आपणही नागपंचमीला नागापुढे दूध ठेवतोच की! ते त्याचं अन्नच नाही. मायेला माप नसतं, पोटाला असतं.

नातवाला म्हटलं, शंका आली तर लहान दे. कमी पडला तर पुढच्या वेळी वाढवता येतो.

तुम्हाला काय वाटतं?