सांधेवाला कोण?

रेल्वेच्या कारभारात सांधेवाल्याला मोठा मान नसतो. पण दोन मार्ग जेथे मिळतात, तेथील गाडीची सुरक्षितता त्याच्याच हाती असते. पुणे-नाशिक निमद्रुतगती रेल्वेला अभियंते लाभले, पाठीराखे पुढारी लाभले. उणीव राहिली ती सांधेवाल्याची.

सुमारे 235 किलोमीटरचा हा मार्ग केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतील 'महारेल'ने मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 1990 च्या दशकात उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या अवकाशातील अतिक्षीण संकेत टिपतात. विजेची तार व पेंटोग्राफ यांच्यातील ठिणग्यांचा आणि गाडीच्या बिनतारी यंत्रणांचा गोंगाट ते संकेत सहज गिळू शकतो. याच कारणास्तव मूळ मार्गाऐवजी शिर्डी-अहिल्यानगरमार्गे नवी आखणी होत असल्याचे केंद्राने 2025 मध्ये लोकसभेत सांगितले.

विज्ञानसंस्थेची चिंता रास्त आहे. जुन्नर-आंबेगावच्या जनतेची रेल्वेची मागणीही तितकीच रास्त आहे. पण दुर्बीण काही रातोरात उगवली नव्हती. पहिल्याच नकाशावर निकालात निघावयाचा प्रश्न मोजण्या, नोटिसा आणि काही ठिकाणी खरेदीखते होईपर्यंत लोंबकळत राहिला. रेल्वे रुळांची धनी, अणुऊर्जा विभाग दुर्बिणीचा. दोहोंमधल्या जागेला मात्र धनीच नाही. अशा ठिकाणी चुकीची किंमत निर्णय घेणारा मोजत नाही. ती मोजतो तो जमिनीचे काय होणार या विवंचनेत पीक आणि कर्ज यांची आखणी करू न शकणारा शेतकरी. अमेरिकेने ग्रीन बँक वेधशाळेभोवती रेडिओ-शांततेचे क्षेत्र 1958 मध्येच आखून दिले. कोणी कोणाला विचारावयाचे, हे तेथे आधीच ठरलेले आहे.

यापुढे प्रत्येक प्रकल्प अहवालात दोन यंत्रणा जेथे भिडतात अशा जागांची यादी असावी, प्रत्येकीपुढे एका जबाबदार अधिकाऱ्याचे पद नोंदलेले असावे, आणि लेखी संमतीपूर्वी भूसंपादनाची एकही नोटीस निघू नये. शिवाय बोगदा, आच्छादन वा थोडे वळण यांनी मूळ मार्ग वाचू शकतो की नाही, याचा तांत्रिक अहवाल जनतेपुढे ठेवावा. उत्तर 'नाही' असेल, तर तेही सकारण कळू द्यावे. नव्या मार्गावरही असे सांधे असणारच. तेथेही बैल गेल्यावर झोपा करावयाचा आहे काय?