सातबाऱ्याचे दार

इंद्रायणीकाठच्या इंदुरीतील शेतकऱ्याला सातबाऱ्यासाठी आता चावडीवर खेटे घालावयास नकोत, हे खरेच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा संकेतस्थळावर मिळू लागला. परंतु ‘महाभूलेख’वरील विनामूल्य उतारा केवळ माहितीसाठी असतो, कायदेशीर कामास स्वाक्षरीचाच लागतो. हा भेद ज्यास ठाऊक नाही, त्याची बँकेतील खेप वाया जाते. दोष त्याचा नव्हे, मांडणीचा होय. कोणता उतारा कशासाठी, गट क्रमांक कोठे सापडेल, शुल्क किती, हे पहिल्याच पानावर सोप्या मराठीत ठळकपणे हवे. संकेतस्थळाचा आराखडा खात्याच्या सोयीने नव्हे, तर शेतकऱ्याच्या प्रश्नांवरून आखला पाहिजे. दप्तर संगणकात गेले; दप्तरी वृत्ती तेवढी मागे राहावी.