विनाकार्बन इंधन, पण धुराचे काय?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे मुख्य कार्यालय आहे. जगातील व्यापारी जहाजांनी कोणते नियम पाळावेत हे तेथे ठरते. जुलै २०२३ मध्ये तेथे जमलेल्या राष्ट्रांनी असे ध्येय ठेवले की, २०५० च्या सुमारास जहाजांमुळे पृथ्वी तापविणाऱ्या वायूंत भर पडू नये. मग तेलाऐवजी जाळायचे काय? ह्या प्रश्नाच्या उत्तरात अमोनियाचे नाव पुढे आले आहे. पोर्ट लुई बंदरात जहाजांना इंधन पुरविण्याचा व्यवसाय चालतो. तेव्हा लंडनची ही चर्चा आपल्या दाराशीही येणार, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

अमोनिया आपल्याला परका नाही. उसाला घालतो त्या नत्रखताचा तोच पाया. त्यात नायट्रोजन व हायड्रोजन आहेत, कार्बन मुळीच नाही. उणे ३३ अंशांवर तो द्रवरूप होतो, म्हणून हायड्रोजनपेक्षा त्याचा साठा करणे पुष्कळ सोपे. ब्रिटनमध्ये हार्वेल येथे २०१८ साली विजेच्या साहाय्याने पाणी व हवा यांपासून अमोनिया बनवून, तोच जाळून पुन्हा वीज निर्माण करण्याचा प्रयोग झाला. कार्डिफ विद्यापीठात अमोनियावर चालणाऱ्या टर्बाइनवर संशोधन झाले आहे. मात्र आज बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायू व कोळशापासूनच बनतो. रॉयल सोसायटीच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातील कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे १.८ टक्के ह्या उद्योगातून निघतो. म्हणजे तो स्वच्छ विजेने बनवला पाहिजे, ही पहिली अट.

दुसरी अट धुराची आहे, आणि तिची चर्चा कमी होते. अमोनिया अगदी पूर्ण जळाला तर फक्त नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. इंजिनात तसे सहसा घडत नाही. ज्योत फार तापली की नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती टाळण्यासाठी ज्योत मंद ठेवली, तर न जळलेला अमोनिया निसटतो आणि नायट्रस ऑक्साइडही वाढू शकतो. हा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. तो थोडासा निघाला तरी कार्बन वाचविल्याचा मोठा लाभ बुडतो.

शिवाय फुप्फुसांचा प्रश्न आहेच. अमोनिया हवेतील नायट्रिक आम्लाशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण बनवतो. मार्च-एप्रिल २०१४ मध्ये इंग्लंडवर दाट धुरके पसरले. लोकांनी सहाराच्या वाळूला दोष दिला. पुढे संशोधकांनी दाखविले की त्यात मोठा भाग अमोनियम नायट्रेटचा होता. शेतीतून सुटलेला अमोनिया युरोप खंडावरून वाऱ्याबरोबर आला होता. शेतातला अमोनिया समुद्र ओलांडून एवढे करतो, तर बंदरात उभ्या जहाजाचा काय करील?

ह्यावर उपाय नाही असे नाही. धूर उत्प्रेरकातून नेऊन ही ऑक्साइडे पुष्कळ कमी करता येतात. पण यंत्र असणे वेगळे आणि ते चालविण्याची सक्ती असणे वेगळे. उत्तर समुद्र व इंग्लिश खाडीत २०२१ पासून बांधलेल्या नव्या जहाजांना कडक नियम लागू आहे. त्या हद्दीबाहेर मोठ्या मंदगती इंजिनांना चौपटीहून अधिक ऑक्साइडे सोडण्याची मुभा आहे. आपला हिंदी महासागर हद्दीबाहेरच आहे. तेच जहाज डोव्हरपाशी शुद्ध आणि पोर्ट लुईपाशी मोकाट, असे कायद्यानेच होऊ शकते.

ह्यात किती जीव गुंतले आहेत? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अंदाज काढला की, आजचेच नियम ठेवून सर्व जहाजे अमोनियावर गेली, तर जगात दर वर्षी सुमारे ६ लाख अधिक अकाली मृत्यू होऊ शकतील. नियम सर्वत्र कडक केले, तर उलट आजच्यापेक्षा मृत्यू कमी होतील. इंधन तेच, फरक नियमांचा.

लंडनने हा धडा स्वतः घेतला आहे. डिसेंबर १९५२ च्या काळ्या धुक्यात हजारो माणसे दगावली, तेव्हा १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये जहाजांच्या नव्या हवामान-नियमावलीचा निर्णय सागरी संघटनेने एक वर्ष पुढे ढकलला. कार्बनच्या नियमांना उशीर होणे आपल्यासारख्या बेटाला परवडणारे नाही. वाढता समुद्र आपलाच किनारा खातो. म्हणून अमोनियाला विरोध करणे शहाणपणाचे नाही. परंतु आपल्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये एक मागणी ठामपणे मांडावी: कार्बनबरोबर नायट्रोजनचाही हिशेब धरा आणि इंग्लिश खाडीचा नियम हिंदी महासागरालाही लावा. नाही तर आगीतून निघून फुफाट्यात पडण्याची वेळ बंदराशेजारच्या आपल्या मुलाबाळांवर येईल.