‘मूळ’ म्हणजे नेमके कोणते?

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलीत बदल करणे ही इतिहासाशी प्रतारणा, असे शुद्धतावादी ठणकावून सांगतात. मग ‘ट्रायटन’चे काय करायचे? १९५०च्या दशकात ५०० सीसी फॉर्म्युला थ्री मोटारींना नॉर्टनची इंजिने हवी होती. कंपनी ती सुटी विकत नसे. म्हणून अख्खी ‘मँक्स’ ही शर्यतीची गाडी घेऊन इंजिन काढले जाई. ‘फेदरबेड’ सांगाडा मागे उरे. ब्रिटिश तरुणांनी अशा सांगाड्यांत ट्रायम्फचे दोन सिलिंडरचे इंजिन बसवले, अनेकांनी तर घरच्या शेडमध्येच. नॉर्टन वा ट्रायम्फच्या कारखान्यात ही गाडी कधीच घडली नाही. आज ती मोडून ‘अस्सल’ नॉर्टन उभी करणे हा जीर्णोद्धार नव्हे; कारखान्याच्या इतिहासासाठी कारागिराचा इतिहास पुसणे आहे.