जिल्हा परिषदेचा पैसा आणि आपला हिस्सा

मार्च महिना आला की जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मंजूर होते. दुसऱ्या दिवशी त्यातील आकडे वृत्तपत्रांत येतात आणि आमचा समाज पान उलटून मोकळा होतो. हा कारभार मोठ्या लोकांचा, त्यात आपले काय काम, ही समजूत आमच्या हाडीमासी खिळली आहे. ती साफ खोटी आहे आणि तिची किंमत आपली मुले मोजीत आहेत, हे आज धाराशिव जिल्ह्यातील बौद्ध बांधवांना व भगिनींना आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. गावची प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांच्याच हाती आले. परिषदेच्या तिजोरीतील बहुतेक पैसा सरकारी अनुदानाचा असतो व तो ठरलेल्या कामीच खर्च होतो. परंतु उपकर, व्याज इत्यादींतून तिचे स्वतःचे थोडे उत्पन्न जमते. या स्वनिधीपैकी २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे परिषदेवर बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम याच कामी लावावयाची आहे. शिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी वस्तीच्या लोकसंख्येनुसार वेगळा मिळतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १६ च्या आसपास होते. म्हणजे हा पैसा कोणाची मेहेरबानी नव्हे. तो आपला हिस्सा आहे.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना कोणी भीती घालतात की, बौद्ध झालात, आता सवलती गेल्या! १९५६ नंतर काही काळ हा अन्याय खरोखरच सोसावा लागला. पुढे महाराष्ट्र शासनाने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या आणि १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क देशभर मान्य केला. दाखला नीट काढून ठेवा आणि निर्भय राहा.

परंतु हक्क कागदावर असणे आणि तो घरात येणे यांत अंतर आहे. वीस टक्क्यांतून सायकली, शिलाई यंत्रे, पिठाच्या गिरण्या दिल्या जातात. डिसेंबर २०१६ च्या शासननिर्णयाने वस्तूंऐवजी रक्कम बँकेच्या खात्यात देण्याचे धोरण आले. दलालीला आळा घालण्याचा हेतू चांगला होता. पण आधी वस्तू खरेदी करा, पावती दाखवा, मग पैसे मिळतील, अशी रीत पडली, तेव्हा रोजंदारीवर जगणाऱ्या आईने शिलाई यंत्राचे पैसे आणावेत कोठून? सावकाराकडून काय? ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच लाभ, असे होऊ लागले तर त्याला कल्याण कसे म्हणावे?

दोष केवळ कचेरीचा नाही. वस्तीच्या निधीतून काय हवे असे विचारले की आमचे पुढारी रस्ता, कमान आणि सभागृह यांपलीकडे जात नाहीत. गटार व पाणी हवेच. परंतु शाळेविषयी अवाक्षर न काढणाऱ्या वस्तीला बाबासाहेबांची वस्ती म्हणवून घेण्याचा अधिकार कोणता? मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला ऐकविले होते की, अबकारीपोटी दरडोई जेवढे उत्पन्न घेता तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा. अंदाजपत्रक कसे वाचावे याचा तो धडा होता. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता.

आज त्या गावशाळांपुढेच संकट उभे आहे. २०२३ साली शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागविले. शिक्षणहक्क कायदा तर लहान मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा द्या म्हणतो. शाळा दूर गेली की पहिली घरी बसते ती मजुराची मुलगी. कळंब, वाशी, भूम भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात; हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले नाही तर मूलही फडावर जाते आणि त्याचे वर्ष बुडते.

मार्च २०२२ मध्ये येथील परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. लोकांनी निवडलेला एकही सदस्य नसताना अंदाजपत्रके मंजूर झाली. सभागृह रिकामे असते तेव्हा जनतेने अधिक जागे राहावयाचे असते, हे आम्ही विसरलो.

म्हणून आमचे सांगणे असे. ग्रामसभेला स्त्रीपुरुषांनी मिळून जावे आणि १५ टक्क्यांचा हिशेब लेखी मागावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या व निम्म्या स्त्रियांच्या आहेत. त्या सोडू नयेत. हंगामी वसतिगृहाची मागणी तोड सुरू होण्यापूर्वीच करावी. अंदाजपत्रकापूर्वी, डिसेंबर-जानेवारीतच, समाजकल्याण विभागाकडे अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि २० टक्क्यांतून अभ्यासिका, पुस्तके व मुलींच्या प्रवासाची सोय मागावी. गतसाली न खर्चलेली रक्कम कोठे गेली, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे.

विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या हिशेबाला द्या. वस्तीतील एक शिकलेला मुलगा आणि एक शिकलेली मुलगी यांच्या हाती हे कागद सोपवा. कमानीवरचे नाव पावसाने पुसले जाईल. शाळेत टिकलेले मूल आपल्या कुळाचे दैन्य पुसून टाकील.